सहा बदकांचं मीठ

दि. ६ मार्च, सोमवार

बारके,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, माझे गुडघे सोडून. तू आणि तुझी शाळेतली पलटण खुशाल असाल.

काल रिकामा बसलो होतो, तर एक हिशेब मांडून पाहिला. सहा बदकं. एकेकाची दोन ऑपरेशनं, म्हणजे बारा. अकरा आठवडे. त्यात तुझ्या चष्म्याचा नंबर एकदा वाढला आणि माझ्या अंगठ्याला एकदा कडकडून चावा बसला. एवढं करून हाती काय आलं, तर कागदावर बोटभर लांबीची एक चढती रेघ. इथपर्यंत मोजता येतं. पण त्या रेघेपायी तू चौदा वर्षं कात्री-चिमट्याला हात लावला नाहीस, ते कशात मोजायचं मला कळेना. कागद फाडून टाकला.

असो. बातमी ही की महिनाअखेर मी सुटतोय. अठराव्या वर्षी या पक्षीघरात पिंजरे खरवडायला लागलो, आणि आता प्रमुख म्हणून बाहेर पडणार. ना कुणाचा वशिला, ना कुणाची शिफारस, ना चिठ्ठीचपाटी. तुझ्या वहिनीला हे वाक्य तोंडपाठ झालंय. मी "ना कुणाचा" एवढं म्हटलं की पुढचं ती स्वयंपाकघरातून पूर्ण करते, आणि वर म्हणते, "आता नाव-गाव-पत्ता पण सांगा."

कान अजून जागेवर आहेत. बाकी सगळं सैल झालं, कान नाही. पिंजऱ्यांच्या रांगेतून डोळे मिटून चाललो तरी सांगतो, कोण खातंय, कोण नुसतं चोच आपटतंय. खारं पाणी प्यायलेलं बदक मान झटकतं आणि चोचीवरचे थेंब बाजूच्या पत्र्यावर उडतात, तो आवाज तर मला भर गर्दीत ऐकू येईल.

परवा नव्या बाईंनी (प्रयोगशाळेत मोठ्या सरांच्या खुर्चीवर आता या आहेत) नवे विद्यार्थी माझ्याकडे पाठवले. म्हणाल्या, "काका, पुस्तकातलं मी सांगते, बदकातलं तुम्ही सांगा." मी एक बदक काखेत धरलं आणि सुरू झालो. याला समुद्राचं पाणी पाजा, याला काही होत नाही. तुम्ही-आम्ही प्यालो तर आटोपलो. याच्या डोळ्यांच्या वर, कपाळात, दोन ग्रंथी आहेत. रक्तातलं जास्तीचं मीठ त्या उपसतात आणि नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी थेंब थेंब आणून सोडतात. तेवढ्यात त्याच्या चोचीवर एक थेंब आलाच. एक मुलगी म्हणाली, "अय्या, रडतंय!" म्हटलं, "रडत नाही, नाक गळतंय. रडायला त्याला सवड कुठाय?"

मग एकाने विचारलं, की ग्रंथीला कळतं कसं, कधी सुरू व्हायचं ते? तू मला कधीकाळी समजावलं होतंस तसंच सांगितलं. रक्त खारट झालं की मेंदूकडून नसेवाटे निरोप जातो. पण नुसत्या निरोपाने भागत नाही. मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी दोन पिवळट दाणे असतात, अ‍ॅड्रिनल. त्यांचा हार्मोन रक्तात असेल तरच ग्रंथी तो निरोप मनावर घेते. दाणे काढून टाका, निरोप येत राहतो आणि ग्रंथी ढिम्म. हार्मोन बाहेरून टोचा, चोच पुन्हा गळायला लागते. "हे कोणी शोधलं, काका?" म्हणाला. "बऱ्याच जणांनी," म्हटलं. तुझं नाव काढलं नाही.

आता मुद्द्याचं. बाईंना कपाटात तुझ्या जुन्या वह्या सापडल्या. दोन दिवस वाचत होत्या. म्हणाल्या, पक्ष्यांचं ऑपरेशन मुलांना शिकवायला मला हीच बाई हवी. पगार आहे, राहायला खोली आहे. त्यांचं पत्र तुला मिळालंच असेल. महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. तू हो म्हण. शाळेत सातवीला बेडकाचं चित्र काढून दाखवण्यात तुझं आयुष्य जावं, हे मला पटत नाही.

फोन करणार होतो, पण फोनवर तू "बोल दादा" म्हणतेस आणि माझं बोलणंच संपतं.

तुझा
दादा


दि. १४ मार्च, मंगळवार

बारके,

पत्र मिळालं. चार ओळींचं असलं तरी तुझं अक्षर बघून बरं वाटलं. तुझी वहिनी म्हणाली, "हिला शाई महाग झाली का?" मी म्हटलं, आपल्याकडे शब्द उधळायचं खातं माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही.

त्या चार ओळींतली तिसरी मी बरेचदा वाचली. "माझा हात पक्का नाही, दादा. सहाही बदकांत मी दाण्याचा तुकडा मागे सोडला, हे तुला माहीत आहे. असा हात घेऊन मुलांना काय शिकवू?"

मी बाईंना तुझा नकार सांगितला नाही. तूही अजून कळवू नकोस.

हात पक्का नाही म्हणे. आई-बाबा गेले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. माझ्या शर्टाची बाही फाटली होती, ती तू शिवलीस, आणि दुसऱ्या दिवशी पिंजरे धुणाऱ्या सगळ्यांनी ती बाही फिरवून फिरवून पाहिली, शिवण कुठे आहे ते सापडेना. पुढे तू इथे शिकायला आलीस, तेव्हा मोठे सर मला म्हणाले होते, "तुझ्या बहिणीच्या बोटांना डोळे आहेत रे." मी घरी येऊन तुला सांगितलं नाही. वाटलं, डोक्यात हवा जाईल. बघ, आज चोवीस वर्षांनी सांगतोय. आपल्या घराण्यात चांगली बातमी अशी रांगत येते.

काल संध्याकाळी बाईंनी मला चहाला थांबवलं. म्हणाल्या, "काका, एक विचारू? वह्यांतल्या नोंदी इतक्या स्वच्छ आहेत, की बाईने श्वास घेतल्याचीही वेळ लिहिली असेल. मग असं कसं झालं? अ‍ॅड्रिनल काढलेली सहा बदकं, हार्मोन बंद केलेला, खारं पाणी दिलेलं, आणि सहाच्या सहा भरभरून गळली?"

म्हटलं, "तुकडा राहिला असेल, असं सर म्हणाले होते."

"एका बदकात राहील. दोघांत राहील. सहांत सारखाच राहील?"

"बाई, मी पिंजरे धुणारा माणूस."

त्या हसल्या. "पिंजरे धुणारा माणूस मला रोज सकाळी सांगतो कुठलं बदक उद्या आजारी पडणार आहे."

मी चहा संपवला आणि उठलो. कपही विसळून ठेवला, माझा आणि त्यांचाही. हात रिकामे राहिले की तोंड चालेल अशी भीती वाटली.

दमायला होतं आजकाल, बारके. काम तेच आहे, उलट कमी झालंय. पण पोती उचलून दमणं वेगळं आणि हे वेगळं. तुझी वहिनी म्हणते, चार दिवस एकच पत्र लिहिताय, मृत्युपत्र आहे की काय.

तुला तो रविवार आठवतो का? सोमवारी शेवटची मोजणी होती आणि तू शनिवारी रात्रीपासून तापाने फणफणली होतीस. बारा ऑपरेशनं करून उभी राहायची ताकद उरली नव्हती तुझी. मी तुला म्हटलं, पडून राहा, पाणी-दाणा मी बघतो. तू मला दोनदा बजावलंस, "दादा, उद्या इंजेक्शन नाही द्यायचं हं. अजिबात नाही. रक्तातला हार्मोन संपलाच पाहिजे." मी हो म्हटलं.

कागद संपत आला. बाकी पुढे. तू कळवू नकोस एवढंच.

दादा


दि. २१ मार्च, मंगळवार

बारके,

आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, तुला तेव्हाही हवे असतील तर.

त्या रविवारी दुपारी मी पक्षीघरात गेलो. दारातच कळलं. इतर पिंजऱ्यांत गडबड चालू होती आणि तुझ्या सहा पिंजऱ्यांतून काहीच येत नव्हतं. ना चोच आपटण्याचा आवाज, ना पाण्याचा. आत गेलो. दोन बदकं पोटावर पसरली होती, चोच जमिनीला टेकलेली. श्वास घेताना घशात खरखर. बाकीची चार उभी होती, पण डुलत. दाणे काढलेल्या बदकाला हार्मोन बंद केला की ते फार काळ तग धरत नाही, हे तूच शिकवलं होतंस. सोमवार सकाळपर्यंत दोन तरी जाणार, कदाचित सगळी. म्हणजे अकरा आठवडे मातीत. आणि तू पुन्हा पहिल्यापासून बारा ऑपरेशनं करणार, तापातून उठून. तू केलीच असतीस. तोच तर घोर होता.

तू देत होतीस ते इंजेक्शन पाण्यातलं. सकाळी टोचलं की संध्याकाळपर्यंत ओसरणारं. त्याच्या बाटल्या तू मोजून ठेवायचीस, त्यांना हात लावला असता तर तुला कळलं असतं. पण मागच्या कपाटात सरांच्या जुन्या कामातली त्याच हार्मोनची एक बाटली पडून होती, तेलातली. मी ती काढली. प्रत्येकाला अर्धा डोस, छातीच्या मांसात. जीव टिकावा एवढाच, असा माझा हिशोब.

तेलातलं औषध अंगात साठून राहतं आणि दिवसचे दिवस झिरपत राहतं, हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. कालच्या कच्च्या पत्रात तसं लिहिलंही होतं. पण बाटलीवर ते छापलेलं होतं आणि मी वाचलं होतं. मला वाटलं, अर्ध्याने काय होतंय. पंचवीसेक वर्षं पक्ष्यांत काढलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला अंदाज आहे.

संध्याकाळी सहाही उठून दाणे टिपत होती. मी खूश. घरी येऊन तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि म्हटलं, "सगळी ठणठणीत आहेत." तू म्हणालीस, "ठणठणीत? बरं झालं." आणि झोपलीस. तुला ताप नसता तर तिथेच पकडलं असतंस मला.

सोमवारी तू नळीने त्यांच्या पोटात खारं पाणी सोडलंस आणि चोचीखाली पत्र्याच्या वाट्या ठेवल्यास. मी दाराबाहेर उभा होतो. पहिला टप्प आवाज आला. मग दुसरा. मग सहाही वाट्यांतून, पागोळ्यांसारखा. तू वळलीस, तुझा चेहरा असा उजळला होता, आणि म्हणालीस, "दादा, ऐकतोयस ना? हे गळायलाच नको होतं!"

मी म्हटलं, "ऐकतोय."

एवढंच म्हटलं. तिथे दुसरं काहीही म्हणता आलं असतं.

तू म्हणालीस, म्हणजे ग्रंथीला अ‍ॅड्रिनलची गरजच नाही, नस पुरेशी आहे, सगळ्यांचं चुकलंय. सर खुर्चीतून उठून पक्षीघरापर्यंत चालत आले, ते कधी येत नसत. माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या! मला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, उद्या.

आता याहून वाईट आहे ते. वाचताना मध्ये थांबू नकोस.

मोजणी झाल्यावर बदकं भूल देऊन कायमची शांत करून शीतखोलीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी ती उघडून बघायची, तुकडा राहिलाय का, ही आपली पद्धत. मंगळवारी सर बघणार होते. छातीचं मांस कापलं की तेलाचा थेंब दिसणार, हे मला कळत होतं. म्हणून सोमवारी संध्याकाळी मी ती सहाही बाहेर काढली आणि आधी स्वतः उघडली. हो, तेल होतं. मांसात बारीक बारीक मण्यांसारखं.

आणि आत काहीच नव्हतं, बारके. सहाच्या सहांत. मी दिव्याखाली धरून पाहिलं, भिंगाने पाहिलं. डाव्या बाजूला नाही, उजव्या बाजूला तर दाणा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला असतो, तिथे सगळ्यांचे हात कापतात, तिथेही नाही. वाहिनीला ओरखडा नाही. धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ जागा. इतकं सुबक काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तुकडा कधीच राहिला नव्हता. हे माहीत असलेला जगात एकच माणूस आहे, आणि तो ती सहा बदकं भट्टीत टाकून आला. सरांना सांगितलं, शीतखोलीची मोटर बंद पडली, वास सुटला, जाळावी लागली. सर त्या दिवशी इतके आनंदात होते की "बरं बरं" म्हणाले.

पुढचं तुला माहीत आहे. तू परिषदेत निबंध वाचलास. दोन प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला, एक थेंब गळला नाही. सरांना आता बदकं उघडून बघायची होती, बदकं नव्हती. मग ते तुला म्हणाले, "हात आहे, चुकतो कधी." दयेने म्हणाले, म्हणूनच तुला जास्त लागलं. तू मान खाली घालून होतीस आणि मी तिथे, दारात, बादली घेऊन उभा. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मी बादलीकडे पाहिलं.

तेव्हा का बोललो नाही? नोकरी गेली असती हे खरं. त्याच महिन्यात प्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव चर्चेत होतं, हेही खरं. मी स्वतःला सांगत होतो, हिला दुसरं काम मिळेल, ही शिकलेली आहे, मला कोण विचारणार. चौदा वर्षं हेच सांगत आलो. सण नाही, सुट्टी नाही, तू घरी येणं बंद केलंस तेव्हा लोकांना सांगितलं, तिला काम फार असतं.

आज सकाळी बाईंच्या खोलीत जाऊन हे सगळं सांगितलं. उभ्याने. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बहिणीला सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलात?"

तुझ्यापेक्षा त्या सोप्या वाटल्या, हे खरं उत्तर. ते दिलं नाही, पण त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, "लिहून द्या. सही करा. जिथे निबंध छापला होता तिथे पाठवायचं, आणि इथल्या नोंदीतही ठेवायचं. तुमच्या निवृत्तीचं काय करायचं ते समिती ठरवेल. मी तुमच्या बाजूने बोलणार नाही, काका."

"बोलू नका," म्हटलं.

मी लिहून दिलं आहे. तीन पानं. त्याची एक प्रत सोबत आहे, कारण माझ्या शब्दावर तू का विश्वास ठेवावास. तुझा हात पक्का आहे, बारके. तेव्हाही होता. नोकरीचं तुझं तू ठरव. मला त्यात "हो म्हण" म्हणायचा हक्क नाही, पहिल्या पत्रात म्हणालो ते मागे घेतो. फक्त नाही म्हणायचं तर दुसऱ्या कुठल्या कारणाने म्हण. हाताच्या कारणाने नको. आणि मी इथे असेन म्हणून येणार नसशील, तर एक तारखेपासून मी नाही.

तुझ्या वहिनीला काल सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

एक राहिलं. माझा कागद लावून ठेवण्यासाठी बाईंनी माझी नोकरीची फाईल मागवली. चाळता चाळता थांबल्या, एक पान काढून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "वाचा." मी ते पूर्वी पाहिलं नव्हतं. तू इथून गेलीस त्या आठवड्याची तारीख आहे. सरांच्या नावे आहे, तुझ्या अक्षरात, एक परिच्छेद. "या प्रयोगातली चूक संपूर्णपणे माझ्या हाताची आहे. पक्षीघराच्या कामात कसलीही कसूर झाली नाही. माझ्या भावाला प्रमुखाची जागा मिळावी, अशी माझी शिफारस आहे." खाली सरांची लाल शाईत सही आणि एकच शब्द, "मान्य".

माझ्या फाईलीत दुसरी शिफारस नाही.

दादा